सहाचाकीचा तास

कवळ्यांच्या कारखान्यात त्याला सगळे सहाचाकी म्हणत. चार चाकं मोटारीची, दोन सायकलची, झाली सहा. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवलं ते चपखल ठेवलं. कारखाना म्हणायचा तो आपला मान म्हणून. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यात पाच माणसं, घासायची दोन यंत्रं आणि सगळ्यांच्या भुवयांवर बसलेली प्लास्टरची पांढरी भुकटी. गावातले दातांचे डॉक्टर म्हाताऱ्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि ही पाच माणसं त्यांवर मेण बसवून, दात लावून, घासूनपुसून कवळ्या करून द्यायची.

तो सदतीस वर्षांचा असताना बिऱ्हाड शहराबाहेर गेलं. मुलगी चार वर्षांची, आई अंथरुणावर, धाकट्या भावाचं कॉलेज चालू, आणि जुन्या दोन खोल्यांत पाय पसरायला जागा नाही. बाहेर तीन खोल्या आणि मागे थोडं अंगण मिळालं, पण कारखाना अठ्ठावीस किलोमीटर लांब गेला. बसने जायचं तर दोन बदलायच्या आणि दोन्ही वेळेवर आल्या तर लॉटरी लागली म्हणायचं. मोटार घेतली ती जुनीच घेतली, तिसऱ्या हाताची, फिकट निळी. पण कारखान्याच्या गल्ल्यांत सकाळी आठ ते रात्री आठ मोटारींना बंदी, आणि बंदी नसती तरी तिथे मोटार लावायला बोटभर जागा नव्हती.

मग त्याने नकाशा पसरला, त्यावर दोरा लावला आणि डोकं चालवलं. नदीच्या पुलापर्यंत बावीस किलोमीटर रुंद रस्ता होता, तिथवर मोटार. पुढचे सहा कालव्याच्या कडेने, तिथून सायकल. मधे मोटार ठेवायची कुठे, हा प्रश्न एका कवळीने सोडवला.

पुलाच्या तोंडाशी लाकडाची वखार होती. वखारवाल्याच्या आईची कवळी बोलताना खडखडायची, म्हणून बिचारीने बोलणंच टाकलं होतं. हे कळल्यावर सहाचाकी एका सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसला, म्हातारीची कवळी हातात घेतली आणि पुढच्या आठवड्यात नीट बसवून आणून दिली. महिन्याभराने वखारवाला भेटला तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो कवळीवाले, काय करून ठेवलंत! पाच वर्षांचं साठलेलं बोलतेय ती. रोज, न थांबता. लावा तुमची गाडी पत्र्याखाली, पण परत तिच्या दातांना हात लावू नका."

अशी तेवीस वर्षं मोटार वखारीतल्या पत्र्याखाली दिवसभर उभी राहिली आणि सायकल तिथेच खांबाला बांधून रात्रभर. सकाळी साडेसातला घर सोडायचं. वखारीत आलं की मोटारीतच बूट बदलायचे, विजारीच्या पायाला चिमटा लावायचा, डबा मागच्या कॅरियरला अडकवायचा आणि ताज्या भुश्श्याचा वास घेत बाहेर पडायचं. कालव्याच्या पाण्यावर त्या वेळी धुरकट ऊन असायचं. पलीकडच्या रस्त्यावर मोटारी एकीला एक लागून उभ्या, आत बसलेल्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे, आणि हा पठ्ठ्या त्यांच्या बाजूने घंटी वाजवत निघालेला. त्या क्षणी तो स्वतःला राजाच समजायचा, आणि त्याला तसं समजायला कुणाची हरकत नव्हती.

दोन वाहनांच्या या संसारात गमतीही कमी झाल्या नाहीत. मोटार चालवताना उजवा अंगठा घंटी शोधायचा. वळणावर तो अख्ख्या अंगाने कलायचा, शेजारी बसलेल्या बायकोला वाटायचं याला चक्कर आली. एकदा मोटारीची किल्ली कारखान्यातच विसरली, तर संध्याकाळी सायकल उलटी मारून बारा किलोमीटरचा फेरा पडला. कारखान्यात त्यावर आठवडाभर हशा पिकला.

सकाळी जायला जेमतेम सव्वा तास लागायचा, संध्याकाळी यायला मात्र अडीच तास. सहाला सुटून तो साडेआठला दारात यायचा. संध्याकाळी सगळं शहर एकदम बाहेर पडतं, रस्ता तुंबतो, काय करणार, असं तो सांगायचा. घरातल्यांनी ते मान्य केलं होतं. साडेआठला बायको पानं घ्यायची, तो मुकाट्याने जेवायचा आणि दहाच्या आत झोपायचा. दमलेला माणूस, त्याला कोण काय विचारणार!

साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला. सायकल घराच्या मागच्या भिंतीला टांगली, मोटार पोर्चमधे धूळ खाऊ लागली. पहिले काही महिने सकाळी साडेसात वाजले की तो बूट घालून ओट्यावर बसायचा. बायको म्हणायची, "अहो, कुठे निघालात?" तो म्हणायचा, "कुठे नाही," आणि बूट काढायचा. कारखान्याची आठवण त्याला फारशी यायची नाही. आठवण यायची ती वाटेची. कालव्याच्या कडेच्या त्या सहा किलोमीटरमधला प्रत्येक खड्डा त्याला अजून पाठ होता.

तीन वर्षांपूर्वी मुलगी घरी राहायला आली. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. मुलगी जुन्या शहरातल्या, कारखान्यापासून जवळच्याच मोठ्या इस्पितळात नर्स. तिच्यासोबत तिची छोकरी आली, तेव्हा वर्षाची, आता चारची. घरात तिला सगळे टिचकी म्हणत, आणि ती खरोखर टिचकीएवढीच होती. सकाळी आजोबांच्या पावलांवर उभी राहून ती घरभर फिरायची. दुपारी त्यांच्या चष्म्यातून जग बघायची आणि जग वाकडं आहे असा निकाल द्यायची. आजोबा तिच्या मागे पार वेडे झाले होते. चार वर्षांचं मूल दिवसभर काय काय करतं हे त्याने सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं, आणि एवढं सगळं आजवर कुठे होतं याचंच त्याला नवल वाटायचं.

पण टिचकीची आई बसने यायची-जायची, एकेका वेळेला दोन दोन तास. रात्री ती घरात पाऊल टाकायची तेव्हा टिचकी झोपलेली असायची. एका रविवारी मटार सोलता सोलता ती आईवडिलांना म्हणाली, "मी इस्पितळाजवळ खोली बघितलीय. पाच मिनिटांवर. शेजारीच पाळणाघर आहे. टिचकीला घेऊन जाते."

त्याच्या हातातली शेंग हातातच राहिली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. घर सुनं होणार, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं.

"खोली कशाला?" तो म्हणाला. "माझी वाट आहे की! पुलापर्यंत गाडी, पुढे सायकल. सव्वा तासात घरी."

"तुम्हाला अडीच तास लागायचे, बाबा."

"ते माझं सोड. तू तरुण आहेस. एकदा करून तर बघ. एकच दिवस. नाही जमलं तर घे खोली, मी अडवणार नाही."

बायको लगेच त्याच्या बाजूने उभी राहिली. "बघ गं एकदा. बाबा एवढं म्हणतायत तर."

मुलीने सुस्कारा टाकला आणि बरं म्हणाली.

पुढचे दहा दिवस त्याच्या अंगात वारं शिरलं. भिंतीवरची सायकल उतरवली, साखळीला तेल घातलं, ब्रेकचे रबर बदलले. मुलीसाठी गियरची नवी सायकल आणली. शेजाऱ्याकडून मोटारीच्या पाठीमागे लावायचा सांगाडा मागून आणला आणि दोन्ही सायकली त्यावर बांधून, सोडून, पुन्हा बांधून पाहिल्या. रविवारी रिकाम्या रस्त्यावर जाऊन या, असं बायकोने सुचवलं तर तो उखडला. "लबाडी नको. कामाचा दिवस, संध्याकाळी सहाची वेळ. सगळ्यात वाईट वेळेला जमलं तरच खरं."

तो इतका प्रामाणिकपणे बोलत होता की आपण स्वतःसाठीच खड्डा खणतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी दोघं निघाली. वखारीत आता ओंडके नव्हते, प्लायवूडचं दुकान झालं होतं आणि वखारवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसत होता. पत्रा मात्र तोच होता. वखारवाला अजून यायचा होता, म्हणून मुलाला सांगून मोटार लावली. मुलगी इस्पितळात गेली. हा दिवसभर कारखान्यात जाऊन बसला, जुन्या सोबत्यांच्या गप्पांत रमला आणि सहाला इस्पितळाच्या फाटकाशी उभा राहिला.

सहा वाजून दोन मिनिटांनी दोघं सायकलवर बसली.

रस्ता तुंबलेला होता, पूर्वीपेक्षा दुप्पट. पण कालव्याची कड मोकळी होती आणि आता तिथे नीट फरसबंदी झाली होती. मुलगी आधी जपून चालवत होती. मग पलीकडे उभ्या राहिलेल्या बसेसच्या रांगेकडे तिचं लक्ष गेलं. "बाबा, ती माझी बस!" ती ओरडली आणि खदखदून हसत पुढे सुटली. पाण्यावरून गार वारा येत होता. सहाचाकीचे गुडघे करकरत होते, छाती भात्यासारखी चालली होती, आणि तरी तो मनातून नाचत होता. आपली वाट आपल्या लेकीला आवडली! आता ती कुठे जात नाही, टिचकी कुठे जात नाही.

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दोघं वखारीत शिरली. पत्र्याखाली खुर्ची टाकून वखारवाला बसला होता. डोकं पांढरं झालेलं, पोट तेवढंच. त्याने हात वर करून आरोळी ठोकली.

"या कवळीवाले! किती वर्षांनी! अरे, चहा सांगा रे दोन. ही मुलगी का? बस गं, पोरी."

"नको, आज थांबत नाही," तो सायकल बांधता बांधता घाईने म्हणाला. "वेळ मोजतोय आम्ही."

"वेळ मोजताय? तुम्ही?" वखारवाला मांडीवर थाप मारून हसला. "अगं, तुझे बाबा रोज साडेसहाला यायचे आणि साडेसात-पावणेआठपर्यंत इथे बसायचे. एक दिवस चुकला नाही. काय हसवायचा हा माणूस! माझी आई तर साडेसहा वाजले की पदर सावरून बसायची, कवळीवाला आला का म्हणून. तुमचा तास झाल्याशिवाय आमचा दिवस मावळायचा नाही हो!"

सहाचाकी सायकलच्या दोरीची गाठ मारत होता. गाठ काही केल्या बसेना. मुलीने पुढे होऊन त्याच्या हातातून दोरी घेतली, गाठ मारली आणि वखारवाल्याला म्हणाली, "पुन्हा येऊ, काका. चहा राहिला."

मोटार रस्त्याला लागली.

"सगळे मिळून सव्वा तास होईल," मुलगी घड्याळ बघून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "म्हणजे तुम्ही सव्वासातला घरी येऊ शकत होतात."

"हो."

"मी दारात बसायची, माहितीय? आई म्हणायची, आत ये, बाबांचा रस्ता लांब आहे. बसल्या बसल्या झोपायची मी. टिचकीएवढी होते तेव्हा." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही हसवता, हे मला आज कळलं."

त्याला वाटलं, गाडी बाजूला घ्यावी. घेतली नाही. रस्त्याकडे बघत, तुटक तुटक, तो बोलू लागला. दिवसभर कुणाच्या तरी जबड्यात डोकं घातलेलं असायचं. घरी पाय टाकला की आईचं दुखणं, भावाची परीक्षा, तुझा ताप, गळणारा नळ. सगळी माझीच माणसं, सगळ्यांना मी हवा. वखारीत मी कुणाला नको होतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसलो, नुसता श्वास घ्यायला. मग दहाची वीस झाली. मग सवय लागली. आई गेली, भाऊ मार्गी लागला, घरात काही उरलं नाही दमण्यासारखं, तरी बसतच राहिलो.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

सिग्नल लागला, सुटला.

"वाट खरंच छान आहे, बाबा. मला फार आवडली. म्हणूनच मी खोली घेणार आहे."

"म्हणजे?"

"मी दिवसभर दुखणाईत माणसं बघते. मलाही कुणाला नको असायला आवडेल. वाटेत असा एखादा पत्रा मिळाला तर मीही बसेन. पहिल्या दिवशी दहा मिनिटं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमचीच मुलगी आहे मी. मला पाच मिनिटांवरचंच घर हवं."

त्याने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं तसं ते येऊ दिलं, पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय सांगायचात तिथे?" थोड्या वेळाने मुलीने विचारलं. "हसण्यासारखं?"

त्याने आधी नाही नाही केलं, मग दोन जावांची गोष्ट सांगितली. दोघींच्या कवळ्या एकाच दिवशी तयार झाल्या आणि डब्यांची अदलाबदल झाली. हिची तिला, तिची हिला. दोघींना बसेना, हिरड्या सोलल्या, पाण्याचा घोट जाईना. पण एकीने विचारावं कशी बसली, तर दुसरीने म्हणावं छान. मग पहिली कशी म्हणेल की माझी बसत नाही! आठ दिवस दोघी समोरासमोर बसून छान छान म्हणत दूध पीत होत्या. शेवटी डॉक्टरने दोघींना एकदम बोलावलं, तर तिथेही आधी कोण तोंड उघडणार यावर अडून बसल्या. गोष्ट सांगताना त्याने दोघींचे आवाज काढले, हातवारे केले, आणि मुलगी पोट धरून हसली. हसताना तिने एकदा डोळे पुसले, ते कशाने ओले झाले होते ते त्याने विचारलं नाही.

सात वाजून सतरा मिनिटांनी मोटार घराशी थांबली. टिचकी जागी होती. आईला एवढ्या लवकर आलेलं पाहून ती आधी बावरली, मग किंचाळत पायऱ्या उतरली. मुलीने तिला तशीच उचलली आणि आत घेऊन गेली.

बायको ओट्यावर भाजी निवडत बसली होती. तिचा चेहरा आशेने फुलला होता. "झालं ना? किती वेळ लागला?"

तो पायरीवर उभा राहिला. आज रस्ता मोकळा मिळाला, एरवी अडीचच तास लागतात, असं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, त्याच्या मनात आलं. मुलीला खोली मिळाली असती, बायकोने नशिबाला बोल लावला असता, आणि ती तेवीस वर्षं जिथल्या तिथे राहिली असती.

"सव्वा तास," तो म्हणाला. "तेव्हाही सव्वाच लागायचा. वरचा तास मी वखारीत बसायचो. रोज." आणि मग, एका दमात, "ती खोली घेतेय. घेऊ दे तिला."

बायकोचे हात थांबले.

"मी रोज दोनदा जेवण गरम करायची," ती म्हणाली. "सव्वासातला एकदा, तुम्ही लवकर आलात तर म्हणून. आणि साडेआठला परत."

तो एक पायरी वर चढला.

"एवढ्या वर्षांनी आता खोटंच बोलायचं होतंत," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पुन्हा निवडू लागली.

तो तिच्या शेजारी ओट्यावर बसला. समोरची जुडी ओढून घेतली आणि तिच्यासारखी पानं खुडू लागला. मग, कुठून सुरुवात करावी ते न कळून, पहिल्या दिवसापासून सांगायला लागला. ती वर बघत नव्हती, पण त्याला गप्प बसाही म्हणाली नाही.